उमेदवाराच्या खुर्चीवरची पडशी

मित्रांनो, मी एक जुनी पडशी आहे, आणि एके काळी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवडणुकीला बसले होते. हसू नका. इलिनॉय राज्यात, वाबॅश नदीपासून दोन कोसांवर शुगरबेंड नावाचे गाव होते, तिथे हे घडले. त्या दिवशी मी एका माणसाला जे करताना पाहिले, ते आठवले की माझ्यासारख्या निर्जीव कातड्याचाही ऊर भरून येतो.

माझा जन्म लेक्सिंग्टन शहरात एका खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने बैलाचे जाड कातडे घेतले, ते काळे रंगवले आणि मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने मला शिवले. घोड्याच्या पाठीवर टाकली की दोन्ही बाजूंना लोंबतील अशी दोन पोटे मला दिली. डाव्या पोटात बाटल्या राहात. कोयनेल, एरंडेल, अफूचा अर्क आणि ओकारी करवणारे एक मुळीचे औषध. उजव्या पोटात सुऱ्या, चिमटे, सुया, दोरा आणि दात उपटायचा एक आकडा होता. त्या आकड्याला पाहून मोठमोठे लाकूडतोडे दारामागे लपत.

मला विकत घेणारा तरुण होता ऑबेड क्रेनशॉ. दोन हिवाळे व्याख्याने ऐकून तो नुकताच डॉक्टर झाला होता. उंच, हाडकुळा, कान मोठे. बोलणे इतके कमी की पहिला महिनाभर मला वाटले, मालक मुका आहे.

पण मित्रांनो, काय माणूस होता तो! शुगरबेंडच्या आसपास दलदल होती. दर सप्टेंबरात निम्मे गाव थंडीतापाने कापत असे. लोकांना त्याची इतकी सवय की विचारले तर म्हणत, "आजारी कुठे? नुसती हुडहुडी आहे!" डॉक्टर घरोघर जाऊन त्या हुडहुडीला कोयनेल पाजत असे. ओढ्याला पूर आला तर मला डोक्यावर बांधून, घोड्याची शेपटी धरून तो पोहत पलीकडे जाई. एकदा झाड अंगावर पडलेल्या माणसाचा पाय त्याने घराचे दार काढून, त्यावर त्याला निजवून कापला. तो माणूस पुढे लाकडी पायावर तीस वर्षे नाचला. मी त्याच्या मांडीला घासत हिंडत असे आणि मनात म्हणे, एवढ्याशा दोन हातांत एवढे बळ येते कुठून?

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढची गोष्ट तुम्हाला कळणार नाही.

तुमच्याकडे ज्या रोगाला देवी म्हणत, तो रोग तिथेही येत असे. त्यावर उपाय एकच होता. गायींना तशाच जातीचा एक सौम्य रोग होतो. त्याचा रस दंडावर टोचला की तिथे एक फोड येतो, आठव्या दिवशी पिकतो, खपली धरतो आणि माणूस जन्मभर त्या मोठ्या रोगापासून बहुतेक वाचतो. ती खपली जपून ठेवायची आणि पाण्यात कालवून पुढच्याला टोचायची. डॉक्टर तिला 'बी' म्हणत. हंसाच्या पिसाची पोकळ दांडी घेऊन, तिच्यात बी भरून, तोंड मेणाने बंद करून त्याने ती माझ्या उजव्या पोटात ठेवली होती.

तो ऑगस्ट महिना होता. मी काळ्या कातड्याची. दिवसदिवस उन्हात घोड्याच्या पाठीवर तापत होते. माझ्या पोटात त्या बीचे काय होत आहे, हे ना त्याला कळले, ना मला.

रोग गावात आला तेव्हा त्याने तेच बी आपल्या चार वर्षांच्या मुलाला टोचले; त्याचे नाव असा. आठवा दिवस आला. दंडावर फोड नव्हता. बी माझ्या पोटात भाजून मेले होते. अकराव्या दिवशी असाला ताप भरला. त्याला अक्रोडाच्या झाडाखाली पुरले.

डॉक्टरने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. त्यानंतर तो मला रोज बरोबर नेई, पण बी मात्र त्याने कधी माझ्याकडे दिले नाही. "बी पिशवीत मरतं, दंडावर जगतं," असे तो म्हणे. म्हणून तो एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, असे ते चालते ठेवायचा प्रयत्न करी. पण टोचून घ्यायला माणसे तयार नसत आणि साखळी सारखी तुटे.

प्रत्येक तालुक्याने हे बी जिवंत ठेवावे आणि मागेल त्याला फुकट टोचावे, असा कायदा व्हावा, हे त्याच्या मनाने घेतले. राज्याच्या राजधानीत जाऊन त्याने विनवणी केली. तिथल्या कायदे करणाऱ्या मंडळींनी त्याला पाच मिनिटे दिली. त्यातली तीन मिनिटे ते तंबाखू थुंकत होते. घरी येऊन त्याने मला खुंटीला अडकवले आणि बायकोला सांगितले, "टॅबिथा, मीच उभा राहणार."

टॅबिथाने भाकरीचे पीठ मळता मळता वर पाहिले. "भाषण जमेल का तुम्हाला? 'जीभ दाखव' याच्यापुढे शब्द फुटत नाही तुमच्या तोंडून."

"शिकेन."

"आणि लोकांना पाजायला व्हिस्कीचं पिंप कोण देणार?"

"ते बिडलकोम देईलच की. लोकांनी त्याचं प्यावं आणि माझं नाव घ्यावं."

होशेया बिडलकोम म्हणजे गिरणीचा मालक आणि गावातले लहानसहान तंटे सोडवणारा पंच; निवडणुकीला तोही उभा होता. अंगाने पिंपासारखा, आवाज ढोलासारखा. सगळे त्याला साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण हट्टाला पेटला की शेंडी तुटो वा पारंबी. सुईवर त्याचा विशेष राग. "गायीचा रोग माणसाच्या पोराला? उद्या पोरं हंबरायला लागली तर दूध कोण काढणार, डॉक्टर की डॉक्टरीणबाई?" असे तो चारचौघांत म्हणे आणि लोक पोट धरून हसत.

मित्रांनो, तेव्हा तिथे मत कागदावर देत नसत. मतदार कोर्टाच्या ओसरीवर चढे, कारकुनासमोर उभा राही आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात उमेदवाराचे नाव घेई. शेजारी दोन खुर्च्यांवर दोन्ही उमेदवार बसलेले असत. ज्याचे नाव घेतले, तो उठून मतदाराचे नाव घेऊन आभार मानी. जो उमेदवार खुर्चीवर नसेल, त्याला लोक शिष्ट समजत. मत मागायला आला आणि पाठ फिरवून गेला, म्हणत.

आणखी एक रीत होती. उमेदवाराने स्वतःचे मत समोरच्याला द्यायचे. स्वतःचे नाव स्वतः घेणारा माणूस हलका, असे तिथले लोक मानत.

अठराशे चव्वेचाळीसच्या ऑगस्टातला पहिला सोमवार निवडणुकीचा ठरला होता. त्याच्या आदल्या दिवशी नदीच्या धक्क्यावरून निरोप आला. वाफेच्या बोटीवरचा एक खलाशी उतरवला आहे, अंगभर फोड आहेत. डॉक्टर जाऊन पाहून आला. अंगातला सदरा त्याने तिथेच जाळला, नदीत अंघोळ केली आणि कुणाचा तरी कोट पांघरून घरी आला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तेच आहे?" टॅबिथाने विचारले.

"तेच. आणि उद्या सगळा तालुका मतं द्यायला एका ओसरीवर गोळा होणार. पंधरा दिवसांत घराघरात ताप."

त्या वेळी सगळ्या तालुक्यात बी फक्त एका दंडावर जिवंत होते. वीस मैलांवर, सिकॅमोर ओढ्याच्या काठी, केझाया प्रुइट नावाच्या बाईच्या सहा महिन्यांच्या मुलीच्या दंडावर. दूरच्या शहरातून टपालाने आलेल्या खपलीने डॉक्टरने आठ मुलांना टोचले होते, त्यातले एवढेच एक उठले होते. आणि त्या फोडाचा आठवा दिवस होता सोमवार. त्या दिवशी रस घेतला नाही, तर तो गढूळ होतो, मग टोचून उपयोग नाही.

"मी जाते," टॅबिथा म्हणाली. "तुम्ही खुर्चीवर बसा."

"केझाया पोर तुझ्या हाती देईल? नवरा बोटीवर गेलाय म्हणून तर तिने मला टोचू दिलं. आणि फोड पिकला की नाही, हे कसं ओळखणार तू?"

ती म्हणाली, "तुम्ही खुर्चीवर नसलात तर हरणार. हरलात तर कायदा गेला."

"गेला तर गेला."

"एवढं सोपं?"

"सोपं नाही," डॉक्टर म्हणाला. "पण गेल्या वेळी आठव्या दिवशी मी रिकाम्या दंडाकडे बघत बसलो होतो, टॅबिथा."

सोमवारी सूर्य उगवायला त्याने सुरी खिशात घातली, गाडीला घोडा जोडला आणि जाताना मला कोर्टाच्या ओसरीवर नेऊन स्वतःच्या खुर्चीवर ठेवले. कारकून आयरा दौत भरत होता. डॉक्टर त्याला म्हणाला, "मी हिच्याशिवाय कुठे जात नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. ही इथे आहे म्हणजे मी परत येणार. कुणी विचारलं तर एवढंच सांग." आणि तो गेला.

तेव्हापासून मी उमेदवाराच्या खुर्चीवर. माझी तर पाचावर धारण बसली.

बिडलकोमसाहेब आले, मला पाहिले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला! अरे, डॉक्टरने आपली पडशी उभी केलीय निवडणुकीला! दोन पोटं आहेत हिला, माझ्याहून एक जास्त!" पिंपाभोवतीची मंडळी खो खो हसली. साहेबांना त्या हसण्याची नशा चढली. पहिले मत त्यांचेच होते. आयराने विचारले, "साहेब, कुणाला?" रीतीप्रमाणे त्यांनी डॉक्टरचे नाव घ्यायला हवे होते. ते म्हणाले, "मी काही पडशीला मत देणार नाही. लिही, होशेया बिडलकोम!"

लोक हसले, पण काही म्हातारे हसले नाहीत. त्यांनी जमिनीकडे पाहिले.

मग चाके बनवणारा जूबल स्टाउट वर आला. त्याने छाती काढून डॉक्टरचे नाव घेतले आणि सवयीने आभाराची वाट पाहात थांबला. माझ्याकडून कसले आभार? मी नुसती बसलेली. खालून कोणी ओरडले, "जूबल, वाक तिच्यापुढे, जुलाब देईल तुला!" जूबल लाल होऊन खाली उतरला. त्यानंतरच्या पाच जणांनी बिडलकोमचे नाव घेतले. साहेब पाचही वेळा उठून, हात हातात घेऊन, बायकोमुलांची चौकशी करून आभार मानत होते. मला वाटले, संपले. आधी मी याच्या मुलाचे बी मारले, आता याची निवडणूकही मारणार.

दहाच्या सुमाराला गर्दी दुभंगली. टॅबिथा आली होती. निवडणुकीच्या दिवशी बायका त्या ओसरीवर पाय ठेवत नसत. ती पायऱ्या चढली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि माझ्यावर हात ठेवला. हाताला पीठ होते.

"बाई, हे काय?" साहेब म्हणाले. "आयरा, बायकांना इथे मज्जाव आहे ना?"

आयराने नियमाचे पुस्तक उघडले, बोट फिरवत वाचले. "बायकांनी मत देऊ नये, असं लिहिलंय, साहेब. आभार मानू नयेत, असं कुठं लिहिलेलं नाही."

"मग ठीक," टॅबिथा म्हणाली. "जूबल स्टाउट, डॉक्टरांच्या वतीने आभारी आहे. गुडघ्याची सूज उतरली का?"

त्यानंतर जो कोणी डॉक्टरचे नाव घेई, त्याचे ती नावानिशी आभार मानी आणि त्याच्या दुखण्याची चौकशी करी. सगळ्या तालुक्याची दुखणी तिच्या दारातून गेली होती. "गळू फुटलं का?" "पोट साफ होतंय ना?" एक आडदांड शेतकरी कानात म्हणाला, "हळू बोला, डॉक्टरीणबाई, माझं लग्न ठरायचंय!" खालची मंडळी पिंप सोडून ओसरीपाशी येऊन ऐकू लागली. दुपारी तीनला दोघे बरोबरीला आले. तिने माझ्यावरचा हात एकदाही काढला नाही.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा रस्त्यावर धूळ उठली. गाडी आली. डॉक्टर केसांपासून बुटांपर्यंत धुळीने माखलेला. मागे केझाया, मांडीवर तिची मुलगी, उन्हाने रडून थकलेली.

"डॉक्टर, लवकर!" आयरा ओरडला. "सूर्य बुडाला की वही बंद. साहेब एकशे तीन, तुम्ही एकशे दोन. फक्त तुमचं मत राहिलंय."

डॉक्टरने आधी मुलीचा दंड पाहिला. फोड मोत्यासारखा स्वच्छ, काठोकाठ भरलेला होता. मग तो वळून मोठ्याने म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे शब्द मी एका वेळी कधी ऐकले नव्हते. "धक्क्यावर देवीचा रोगी आहे. या पोरीच्या दंडावर आज पंधरा-सोळा जणांना पुरेल एवढा रस आहे. आठ दिवसांनी त्या सोळांवरून सगळ्या गावाला पुरेल. कोण पुढे येतं?"

कोणी हलले नाही. लोकांनी मुलांना मागे ओढले. सगळे बिडलकोमसाहेबांकडे पाहू लागले.

टॅबिथा खाली वाकली आणि डॉक्टरच्या कानाशी म्हणाली. मी मध्ये होते, म्हणून मला ऐकू आले. "स्वतःचं नाव घ्या. बरोबरी होईल, मग चिठ्ठ्या टाकतील. त्यांनी रीत मोडलीच आहे. असासाठी घ्या."

डॉक्टरने डोळे मिटले. मग तसाच हळू म्हणाला, "आज मी स्वतःचं नाव घेतलं, तर ही सुई मतांसाठी होती असं होईल. मग त्याची एकशे तीन माणसं आपल्या पोरांना कधीच पुढे करणार नाहीत. तीही पोरं असाएवढीच आहेत."

तो कारकुनासमोर गेला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "होशेया बिडलकोम."

एकशे चार, एकशे दोन. सूर्य बुडाला. आयराने वही मिटली.

रीतीप्रमाणे आता साहेबांनी उठून आभार मानायचे होते. ते उठले. "आभारी आहे, ऑबेड क्रेनशॉ," एवढेच म्हणायचे होते. त्यांचे तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. दिवसभर ढोलासारखा वाजणारा तो आवाज फुटेना. त्यांची मान खाली गेली. मग त्यांनी कोट काढला, तो खुर्चीवर टाकला आणि सदऱ्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर केली.

"आभार मानायला तोंड नाही मला," ते म्हणाले. "हा दंड घे. आणि माझ्या तिन्ही नातवंडांना बोलवा रे कोणीतरी."

डॉक्टरने सुरी काढली. मी इतकी वर्षे त्याचे हात पाहिले होते, पुरात, रक्तात, बर्फात. ते थरथरताना मी त्या एकाच संध्याकाळी पाहिले. टॅबिथाने त्याचे मनगट धरले, तेव्हा कुठे सुरी स्थिर झाली.

साहेब ओरडले, "आई गं!" आणि मग, "हंबरतोय का मी? नाही ना? मग चला, पुढे या!" त्या संध्याकाळी सोळा दंड टोचले. आठ दिवसांनी त्या सोळांवरून दोनशेच्या वर. धक्क्यावर तो खलाशी आणि त्याचा एक सोबती दगावले. गावात एक म्हातारा गेला. पण त्या वर्षी शुगरबेंडमध्ये एकाही मुलाची कबर खणावी लागली नाही. मित्रांनो, मी हे पुन्हा सांगते, कारण अजूनही मला त्याचे नवल वाटते. एकाही मुलाची नाही.

दोन वर्षांनी बिडलकोमसाहेब उभेच राहिले नाहीत. ओसरीवर चढून त्यांनी पहिले नाव डॉक्टरचे घेतले आणि खिडक्यांच्या काचा हादरल्या. डॉक्टर राजधानीत गेला. तिथे तो सहा वर्षे होता. भाषणे त्याला शेवटपर्यंत जमली नाहीत. उठायचा, चार वाक्ये बोलायचा, बसायचा. त्याचा कायदा दोनदा पडला. तिसऱ्यांदा निम्माशिम्मा मंजूर झाला. निम्मा तर निम्मा, म्हणून तो घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी मला घोड्यावर टाकून एका बाळंतिणीकडे निघाला.

तो गेल्यावर मी माळ्यावर पडले. उंदरांनी एक पट्टा खाल्ला. डाव्या पोटात कोळ्यांनी संसार मांडला. आता मी एका लहानशा संग्रहालयात काचेमागे आहे. माझे कातडे तडकले आहे. वर्षातून एकदा कोणी तेलाचा बोळा फिरवतो, तेवढ्यावर मी खूश असते. तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असेल तर तिला अधूनमधून तेल-पाणी दाखवा, एवढे माझे मागणे आहे.

पण माझ्यापेक्षाही जपण्यासारखी एक गोष्ट तुमच्या घरात आहे. तो रोग आता जगात कुठेही उरलेला नाही. तो असा सहज गेला नाही. माणसांनी भीत भीत, एकामागून एक दंड पुढे केले, म्हणून गेला. आज घरी गेलात की आजीला किंवा आजोबांना बाही वर करायला सांगा. तिथे एक गोल, खोलगट, जुनी खूण दिसेल. तिला नुसती बघू नका. तिच्यावर हलकेच बोट ठेवा आणि विचारा, टोचताना दुखलं होतं का, आणि तेव्हा तुमचा हात कोणी धरला होता?